ज्वारीचे ताट : माणसाचे अन्न व गुरांची वैरण

दुष्काळात धान्यासाठी उदार हस्ते वर्गणी देणारे गृहस्थ पुष्कळ असतात. कडब्यासाठी व बियाण्यासाठी देणारे फार थोडे. या तिन्ही गरजा एकाच पिकातून कशा उत्पन्न होतात, हे व्यापारी, जमीनदार व देणगीदार मंडळींच्या नजरेस आणावे, हा आमचा हेतू आहे.

वनस्पतिशास्त्रवेत्ते एकदल वनस्पतींत जो तृणगण मानितात, त्यात भात, गहू, मका, ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी, राळा, ऊस व बांबू ही सर्व येतात. अननसदेखील त्याच गणातला. यांपैकी आमच्या दख्खनच्या कोरड्या मुलखाचा मुख्य आधार ज्वारी होय. तिची मुळे खोल जातात, पानांवर मेणासारखा थर असतो, आणि पाऊस ओढला असता ती पाने वळवून वाढ थांबविते व पाणी मिळताच पुन्हा वाढीस लागते. कणीस माणसाचे व कडबा बैलाचा, अशी तिच्या एका ताटाची वाटणी असते. म्हणून ते ताट वाळले म्हणजे धनी व बैल एकदमच उपाशी पडतात.

सन १८९९-१९०० च्या दुष्काळात मुंबई इलाख्यात वैरणीअभावी असंख्य गुरे मेली. बैल गेल्यावर पुढचा पाऊस चांगला झाला तरी नांगर कोणी ओढावा? सन १९७२-७३ च्या दुष्काळात परदेशची मिलो ज्वारी आली व तिने लोकांचे प्राण राखिले. परंतु तिच्याबरोबर कडबा आला नव्हता.

बियाण्याचीही हीच कथा. सन १९६४ मध्ये प्रसृत झालेल्या पहिल्या संकरित ज्वारीने दाणा वाढविला. पण तिचे ताट ठेंगणे. रब्बीचा शेतकरी मालदांडीस धरून राहिला, तो चांगल्या भाकरीसाठी व कडब्यासाठी. यास्तव बियाणे देणाराने दाण्याबरोबर कडब्याचाही विचार करावा.

एक इशारा देणे आम्ही कर्तव्य समजतो. पाण्यावाचून खुरटलेल्या कोवळ्या ज्वारीत एक द्रव्य असते. ती गुराने खाल्ली असता त्यापासून तीव्र विष उत्पन्न होऊन जनावर थोड्याच वेळात दगावते. वैरण नाही म्हणून असल्या शेतात गुरे सोडू नयेत.

सबब आमची विनंती इतकीच की, देणगी देताना तिचा काही भाग वाळलेल्या कडब्यासाठी व काही बियाण्यासाठी नेमून द्यावा. धान्याने आजचा दिवस निभावतो. बैल व बी राहिले, तरच शेतकरी पुढील वर्षी आपल्या पायांवर उभा राहील.