यंत्राचा आवाज आणि शेजारचे घर

इचलकरंजी, मालेगाव किंवा भिवंडी यांपैकी एखाद्या गावी रात्रीचा मुक्काम करून पाहावा. भिंतीच्या अलीकडे माणसे निजलेली आणि पलीकडे यंत्रमाग चाललेले, असा प्रकार तेथे नवलाचा नाही. माग थांबला तर चूलही थांबते, हे त्या माणसांना पुरते ठाऊक असते. म्हणूनच 'कारखाने हलवा' एवढे म्हणून हा प्रश्न सुटत नाही.

कायदा नाही असे नव्हे. केंद्र सरकारने 2000 साली ध्वनिप्रदूषणाचे नियम केले. निवासी भागात दिवसा 55 व रात्री 45 डेसिबल, औद्योगिक भागात दिवसा 75 व रात्री 70, अशी मर्यादा त्यांत आहे. 45 आणि 70 यांत दीडपटीचा फरक, असे आपल्याला वाटते आणि घोटाळा होतो तो येथेच. डेसिबल ही काही फूटपट्टी नव्हे. दर 10 डेसिबलला ध्वनीची शक्ती दसपट होते. तेव्हा 25 डेसिबलचा फरक तीनशे पटींहून अधिक झाला! नकाशावरची रेघ पाहून आवाज थोडाच थांबणार आहे? शिवाय घरे व कारखाने एकमेकांत मिसळलेले असतील, तर त्या भागाला कोणता वर्ग लावायचा हे अधिकाऱ्याने ठरवायचे. तक्रारीसाठीही आवाज मर्यादेच्या 10 डेसिबल वर जावा लागतो, म्हणजे दसपट.

दुसरी अडचण मोजणीची. नियमांतील आकडा सरासरीचा असतो. प्रेसचा अधूनमधून बसणारा ठोका सरासरीत विरून जातो, पण निजलेला माणूस त्यानेच दचकून उठतो. ब्रिटनमध्ये 1967 पासून चालत आलेल्या एका मानकात कारखान्याच्या आवाजाची तुलना त्या जागेच्या मूळच्या शांततेशी करतात आणि ठोका किंवा एकसुरी घरघर असेल तर मोजलेल्या आकड्यात भर घालतात. आपल्या नियमांत प्रथम हीच सुधारणा व्हावी, असे मला वाटते.

यंत्राखाली रबराची बैठक घालणे, घराकडची झरोके-खिंडारे बुजवणे, हे उपाय माहितीतले आहेत. वाद आहे तो खर्चाचा. जुन्या कारखान्याशेजारी नवी इमारत उठली, तर जाड भिंतीचा खर्च बांधणाराकडून घ्यावा आणि परवानगी देतानाच ती अट घालावी. वस्तीत नवे यंत्र आले, तर तो खर्च यंत्रवाल्याचा.