मी कुणाला मारलं नाही, म्हणजे मी अहिंसक आहे का?

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना आलेली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी जसं बोलले तसंच ठेवलं आहे.)

 

मागच्या महिन्यात एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. कॉलेजात शिकणारा मुलगा आहे. तो म्हणाला, "ताई, मी कुणाशी भांडत नाही, कुणाला शिवी देत नाही, मारामारी तर लांबच राहिली. म्हणजे मी अहिंसकच झालो ना? मग गांधीजींचं एवढं मोठं तत्त्वज्ञान ते काय?"

प्रश्न साधा वाटतो. पण त्याचं उत्तर द्यायला मला तीन आठवडे लागले. कारण हा प्रश्न ऐकला आणि मला माझीच एक गोष्ट आठवली. ती आधी सांगते.

हायवेच्या कडेची संध्याकाळ

दोन वर्षांपूर्वी ऑफिसातून घरी येत होते. सर्व्हिस रोडवर एक बाइक घसरली होती. बाइकवाला रस्त्यावर पडलेला, हेल्मेट डोक्यावर तसंच, एक पाय विचित्र वाकलेला. माझी स्कूटी मी बाजूला लावली. आजूबाजूला पंधरा-वीस जण उभे होते. चार-पाच जणांच्या हातात मोबाइल होते, व्हिडिओ चालू.

मी व्हिडिओ काढला नाही. पण दुसरंही काही केलं नाही. मनात आलं, कुणीतरी फोन केलाच असेल. मग आलं, पोलिसांचं लफडं मागे लागलं तर? मग आलं, मला प्रथमोपचारातलं काय कळतं? अशी तीन वाक्यं होईपर्यंत पाच-सात मिनिटं गेली.

तेवढ्यात पलीकडे भाजीची पाटी घेऊन बसलेल्या एक मावशी उठल्या आणि आमच्यावर ओरडल्या, "अरे फोन केला का कुणी?" आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो. कुणीच केला नव्हता! वीस माणसं, वीस मोबाइल, आणि फोन एकही नाही.

तो माणूस वाचला की नाही, हे मला आजही माहीत नाही. अँब्युलन्स आली, त्याला घेऊन गेली. मी घरी आले, जेवले. मी कुणाला मारलं नव्हतं. पण त्या रात्री स्वतःला अहिंसक म्हणवत नव्हतं.

गर्दीत माणूस थंड का पडतो?

आता यातला पहिला भाग समजून घेऊ. वीस माणसं असताना फोन का जात नाही?

१९६४ साली न्यूयॉर्कमध्ये एका तरुणीचा खून झाला. अडतीस शेजाऱ्यांनी तो बघितला आणि कुणी काही केलं नाही, अशी बातमी छापून आली. पुढे कळलं की बातमीत बरीच अतिशयोक्ती होती. पण त्या बातमीमुळे जॉन डार्ली आणि बिब लताने या दोन मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग करायला घेतले.

१९६८ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा प्रयोग असा. विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं आणि इंटरकॉमवर गप्पा मारायला सांगितलं. मध्येच एका आवाजाला फिट आल्यासारखं झालं. आवाज रेकॉर्ड केलेला होता, पण विद्यार्थ्यांना ते माहीत नव्हतं. 'हे फक्त मीच ऐकतोय' असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यातले ८५ टक्के फिट संपायच्या आत मदतीला धावले. आणि आपल्यासारखे आणखी चार जण ऐकतायत असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यातले किती? फक्त ३१ टक्के.

पण मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेगळीच वाटते. जे उठले नाहीत, ते बेफिकीर नव्हते. त्यांचे हात थरथरत होते, ते अस्वस्थ होते. वाईट वाटत होतं, पण जबाबदारी चार जणांत वाटली गेली होती आणि प्रत्येकाच्या वाट्याला ती इतकी थोडी आली, की कुणीच हललं नाही.

म्हणजे उदासीनता नेहमी दगडाच्या काळजातून येते असं नाही. 'दुसरा कुणीतरी बघेल' या एका वाक्यातूनही येते. आणि ते वाक्य तुमच्या-माझ्यासारख्या बऱ्या माणसांच्याच तोंडी असतं.

'अहिंसा'मधला 'अ'

आता शब्दाकडे येऊ. 'अहिंसा' म्हणजे हिंसा न करणं. व्याकरणाने हा नकारात्मक शब्द आहे, त्यामुळे आपल्याला वाटतं की काही न करणं म्हणजेच अहिंसा. घरी बसलो, गप्प राहिलो, झालो अहिंसक!

पण ज्या परंपरांनी या शब्दावर शेकडो वर्षं विचार केला, त्यांनी असं म्हटलेलं नाही. जैन तत्त्वज्ञानातला उमास्वातींचा 'तत्त्वार्थसूत्र' हा ग्रंथ घ्या. त्यात हिंसेची व्याख्या करताना जीव जाणं एवढंच सांगितलेलं नाही, त्याच्या मुळाशी असलेला 'प्रमाद' सांगितला आहे. प्रमाद म्हणजे बेसावधपणा, गाफीलपणा. मराठीत आपण 'प्रमाद घडला' म्हणतो, तोच शब्द. म्हणून जैन साधू पाऊल टाकतानाही जमीन बघून टाकतात. तिथे अहिंसेची सुरुवातच मुळी लक्ष देण्यापासून होते.

आता गांधीजींकडे येऊ. दक्षिण आफ्रिकेत १९०६ साली भारतीयांचा लढा सुरू झाला, तेव्हा त्याला इंग्रजीत जे नाव पडलं त्याचा अर्थ होता 'निष्क्रिय प्रतिकार'. गांधीजींना हे नाव पटलं नाही. त्यांना त्यातला 'निष्क्रिय' हा शब्दच खटकत होता. त्यांनी आपल्या 'इंडियन ओपिनियन' या साप्ताहिकातून वाचकांकडून नवीन नाव मागवलं, बक्षीसही ठेवलं. मगनलाल गांधींनी 'सदाग्रह' सुचवलं आणि त्याचं गांधीजींनी 'सत्याग्रह' केलं. आग्रह! गप्प बसणारा माणूस आग्रह धरेल का?

पुढे १९२० साली 'यंग इंडिया'त त्यांनी तर स्पष्टच लिहिलं, की भित्रेपणा आणि हिंसा एवढे दोनच पर्याय असतील, तर मी हिंसेचा सल्ला देईन. अहिंसा त्यांच्या लेखी या दोन्हींच्या वरची गोष्ट होती. पण भीतीने किंवा आळसाने गप्प बसणं हे त्यांच्या यादीत सगळ्यात खाली होतं. आपण मात्र नेमकं तेच उचललं आणि त्याला अहिंसेचं लेबल लावलं.

महाडचा ठराव आणि तीन वर्षं

आता एक आपल्याच मातीतलं उदाहरण देते. महाडचं चवदार तळं तुम्हाला शाळेपासून माहीत आहे. पण त्यातला एक तपशील आपण पटकन ओलांडून पुढे जातो.

१९२३ साली मुंबई कायदे मंडळात रावबहादूर बोले यांचा ठराव मंजूर झाला, की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. १९२४ साली महाड नगरपालिकेनेही तसा ठराव केला. म्हणजे कागदावर तळं खुलं झालं होतं!

आणि पुढे तीन वर्षं? काहीही झालं नाही. सवर्णांच्या विरोधापुढे तो ठराव फाइलीतच राहिला. गावात त्याला उघड विरोध करणारे होतेच. पण ठराव बरोबर आहे असं मनात मानणारी माणसंही असणार, आणि तीही रोज त्याच तळ्यावरून पाणी नेत होती. त्यांनी कुणावर हात उचलला नसेल. पण त्यांच्या शेजारच्या माणसाची तहान तशीच राहिली.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांना घेऊन तळ्यावर चालत गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर हे लोक आता देवळात घुसणार अशी अफवा उठली आणि परतणाऱ्या लोकांवर लाठ्या-काठ्या घेऊन हल्ला झाला. उलट मारायची ताकद या बाजूलाही होती, सैन्यात राहून आलेली माणसं होती. बाबासाहेबांनी त्यांना आवरलं. पुढे लढाई कोर्टात नेली आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात ती जिंकली.

बाबासाहेब आणि गांधीजी यांचे मतभेद खोल होते, ते मी इथे गुळगुळीत करणार नाही. पण महाडला एक गोष्ट लख्ख दिसते. हात न उचलणारे त्या गावात दोन प्रकारचे होते. एक, घरात बसलेले. आणि दुसरे, मार खाऊनही हात न उचलणारे, पण पाण्यापर्यंत चालत गेलेले. वरवर दोघंही 'हिंसा न करणारे'च. तळं खुलं झालं ते मात्र चालत गेलेल्यांमुळे.

कुणीच मारलं नाही, तरी माणूस मेला

योहान गाल्टुंग नावाचे नॉर्वेचे अभ्यासक होते. तरुणपणी त्यांनी गांधीजींच्या विचारांवर पुस्तक लिहिण्यात भाग घेतला होता. १९६९ साली त्यांनी एक कल्पना मांडली, तिला मराठीत 'रचनेतली हिंसा' म्हणता येईल. म्हणजे माणूस मरतो, पण मारणारा कुणी दिसत नाही. व्यवस्थाच तशी लावलेली असते.

उदाहरण लांब शोधायला नको. सोसायटीची सेप्टिक टँक तुंबते. व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज येतो, "कुणीतरी माणूस बोलवा." स्वस्तातला माणूस येतो. मास्क नाही, दोर नाही. टाकीत विषारी वायू साठलेला असतो, काही क्षणांत शुद्ध जाते. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही जातो. अशा बातम्या आपण वाचतो आणि स्क्रोल करून पुढे जातो.

माणसाला असं टाकीत उतरवणं २०१३ च्या कायद्याने बंद केलं आहे. असा मृत्यू झाला तर कुटुंबाला दहा लाख रुपये द्यावेत असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितलं, आणि २०२३ साली ती रक्कम तीस लाख केली. कायदा आहे, निकाल आहेत. आणि तरी माणसं मरतायत. महाडच्या ठरावासारखंच नाही का हे? यात खुनी कोण? कंत्राटदार, सेक्रेटरी, की ग्रुपवर अंगठा दाखवून झोपी गेलेले आपण सगळे?

"पण ताई, कशाकशाकडे बघायचं?"

हा प्रश्न येणार, मला माहीत आहे. आणि तो खोटा नाही. रोज मोबाइलवर दहा दुःखं येतात. सगळ्यांसाठी रडायला बसलं तर जगायचं कधी?

मला वाटतं, अहिंसा आपल्याकडे जगातल्या प्रत्येक दुःखाचा हिशेब मागत नाही. जे माझ्या समोर आहे आणि ज्यात माझा हात पोहोचतो, त्याचा मागते. रस्त्यावर पडलेला माणूस माझ्या समोर आहे. माझ्या सोसायटीची टाकी माझी आहे.

म्हणून काही अगदी साध्या गोष्टी सांगते.

एक. अपघात दिसला तर 'कुणीतरी केला असेल' म्हणू नका. ११२ किंवा १०८ लावा. दोनदा लागला तरी बिघडत नाही. गर्दीला मदत मागायची असेल तर "कुणीतरी या" म्हणू नका, बोट दाखवून सांगा, "निळा शर्ट, तुम्ही गाड्या थांबवा." जबाबदारीला चेहरा मिळाला की माणूस हलतो. व्हिडिओ पुरावा म्हणून कामाला येऊ शकतो, पण आधी फोन, मग व्हिडिओ.

दोन. पोलिसांची भीती सोडा. मदत करणाऱ्यांना संरक्षण देणारे नियम सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली देशभर बंधनकारक केले. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. चांगल्या हेतूने मदत करताना काही कमी-जास्त झालं, तरी तुमच्यावर खटला होत नाही. नाव सांगायची सक्ती नाही. जखमीला पोहोचवल्याबद्दल हॉस्पिटल तुम्हाला अडवून ठेवू शकत नाही. आपल्या देशात २०२२ साली रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं गेली. म्हणजे रोज साडेचारशेहून जास्त. हे कलम पाठ असणं आपल्याला परवडेल.

तीन. सोसायटीच्या ग्रुपवर पुढच्या वेळी टाकीचा मेसेज आला, की एकच ओळ लिहा, "सक्शनची गाडी बोलवू, माणूस आत उतरवायचा नाही." पैसे थोडे जास्त लागतील. दोघं-तिघं नाराज होतील. होऊ देत.

तर त्या व्हॉइस नोटवाल्या मित्रा, तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं आहे. तू कुणाला मारत नाहीस, ही चांगली गोष्ट आहे. पण ती अहिंसेची पहिली पायरी आहे आणि आपण बरेच जण त्या पायरीवरच बसून राहिलोय. मीही बसले होते, त्या संध्याकाळी, सात मिनिटं.

त्यानंतर मी एक केलंय. दर सहा महिन्यांनी प्रथमोपचाराची उजळणी करते आणि स्कूटीच्या डिकीत एक स्वच्छ पांढरा कपडा ठेवते, रक्त दाबून धरायला. मागच्या पावसाळ्यात तो एकदा वापरावा लागला. त्या वेळी फोन मीच केला.

तुमच्यासमोर असं काही घडलं असेल, तुम्ही थांबला असाल किंवा माझ्यासारखे नुसते उभे राहिला असाल, तर व्हॉइस नोट पाठवा. उभे राहिलेल्यांनी जास्त पाठवा. नाव सांगितलं नाही तरी चालेल.

भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या. स्वतःची, आणि शेजारच्याचीही.