‘मे मस्ट’ चालत नाही!

मागच्या वर्षी नायगावहून बापूंचा फोन आला. “मायचं ऑपरेशन करावं लागंल म्हणतेत. तुला कदाचित यावं लागंल, तयारीत राहा.” मी लगेच रजेचा अर्ज इंग्रजीत लिहिला : ‘आय मे मस्ट गो होम.’ रेक्टर सरांनी विचारलं, “नक्की जायचंय की नाही?”

चूक अशी होती. ‘विल’, ‘मे’, ‘माइट’, ‘मस्ट’ ही सहायक क्रियापदं. प्रमाण इंग्रजीत ती एकापुढे एक बसत नाहीत. ‘मे’च्या पुढे क्रियापदाचं मूळ रूप लागतं आणि ‘मस्ट’ला ते रूपच नाही. म्हणून तिथे ‘हॅव टु’ येतं. जावंच लागेल : ‘आय विल हॅव टु गो’. कदाचित जावं लागेल : ‘आय मे हॅव टु गो’. शक्यता आणखी कमी असेल तर ‘माइट हॅव टु’. आपण ‘मला’ म्हणतो, इंग्रजीत मात्र ‘आय’च राहतो.

नकारात जास्त सांभाळा. ‘यू मे नॉट हॅव टु कम’ म्हणजे कदाचित यावं लागणार नाही. ‘यू मस्ट नॉट कम’ म्हणजे येऊच नकोस!

अर्ज दुरुस्त केला, सरांनी सही केली. चार दिवस बॅग भरून ठेवली होती. शेवटी माय गोळ्यांवरच बरी झाली. ‘आय डिड नॉट हॅव टु गो.’ तरी रविवारी जाऊन आलोच. त्याला ‘हॅव टु’ लागत नाही.