पेपरातल्या नोटिशीने मुलगा परका होत नाही

नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात बाप-लेकाचं बिनसलं की पेपरात जाहीर नोटीस येते : मुलाशी संबंध तोडला, त्याच्या व्यवहाराला आम्ही जबाबदार नाही. पुढे राग निवळतो, पोराला घरी बोलवावंसं वाटतं आणि बाप वकिलाला विचारतो, नोटीस रद्द कशी करू?

रद्द करण्यासारखं तिच्यात काही नसतंच. बांधावर पाटी ठोकल्याने सातबारा बदलत नाही, तसंच हे. सज्ञान मुलाचं कर्ज तसंही जामीन न राहिलेल्या बापावर येत नाही. हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे मुलगा पहिल्या वर्गातला वारस राहतोच. एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित जमिनीतला त्याचा जन्मतः हिस्साही नोटिशीने जात नाही. स्वकष्टार्जित मिळकत (स्वतः कमावलेली) मृत्युपत्राने दुसऱ्याला देता येते, पण ते मृत्युपत्र बाप शुद्धीवर असेपर्यंत केव्हाही बदलू शकतो.

तपासायचं ते वेगळंच. भांडणाच्या भरात मुलाने नोंदणीकृत हक्कसोडपत्र (हिस्सा सोडल्याचा दस्त) करून दिलं होतं का? दिलं असेल, तर नुसतं बोलणं सुरू झाल्याने हिस्सा परत येत नाही. त्यासाठी दुय्यम निबंधकाकडे नवा दस्त, मग फेरफाराची नोंद.