शंभर मिलिलिटरमधला एक जंतू

पावसाळा सुरू झाला, की आमच्या प्रयोगशाळेत पाण्याच्या नमुन्यांची रांग लागते. "अहवाल संध्याकाळपर्यंत मिळेल ना?" हा प्रश्न ठरलेला. "उद्या, कदाचित परवा," एवढेच मी सांगू शकतो. तोवर गाव तेच पाणी पीत असते. हा उशीर का होतो, आणि तो कमी कसा करता येईल?

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा जंतू एकही आढळता कामा नये. तो माणसांच्या व जनावरांच्या आतड्यात राहतो. पाण्यात तो सापडला, की मैला मिसळला असे समजायचे. पण कपभर पाण्यात एखादाच जंतू असेल, तर सूक्ष्मदर्शकाखालच्या थेंबात तो येणार कसा? म्हणून त्याला खाद्य आणि ऊब देऊन वाढवावे लागते. परिस्थिती अनुकूल असेल, तर सुमारे २० मिनिटांत एकाचे दोन होतात. एकाचे दहा लाख व्हायला जवळजवळ ७ तास लागतात. क्लोरिनने अर्धमेला झालेला जंतू तर आधी सावरायलाच वेळ घेतो.

मग जंतू वाढवण्याऐवजी पाणीच कमी केले तर? ०.४५ मायक्रॉन छिद्रांच्या पातळ गाळणीतून १०० मिलिलिटर पाणी ओढले, की जंतू वर अडकतात. ते सगळे १ मिलिलिटर द्रवात धुऊन घेतले, तर त्यांची दाटी शंभरपट होते. म्हणजे साडेसहा-सात पिढ्यांची वाढ, अर्थात दोन तासांहून अधिक वेळ, वाचला! दुसरा उपाय चुंबकाचा. विशिष्ट जंतूलाच चिकटणारी प्रतिद्रव्ये लावलेले सूक्ष्म चुंबकीय मणी पाण्यात सोडायचे आणि लोहचुंबकाने जंतूंसकट बाजूला ओढायचे. अशा दाट नमुन्यावर डीएनएची चाचणी केली, तर काही तासांत उत्तर मिळू शकते.

अडचणीही आहेत. गढूळ पाण्याने गाळणी तुंबते. जंतूंबरोबर गाळातली द्रव्येही दाट होतात आणि डीएनए चाचणीत अडथळा आणतात. शिवाय मेलेल्या जंतूंचा डीएनएही मोजला जातो. म्हणून जंतू वाढवून पाहण्याची जुनी पद्धत अजून सुटलेली नाही.

पण एक चाचणी मिनिटांत होते. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक ओ.टी. चाचणी करतो, तेव्हा क्लोरिन असल्यास पाणी पिवळे होते. नळाच्या पाण्यात तो रंग आला नाही, तर पाणी उकळूनच प्या.