तांडेलाच्या शेजारी

रेवदंडा-मुरुडच्या किनाऱ्यावर कोळ्याचा मुलगा समुद्र शिकतो तो तांडेलाच्या शेजारी उभा राहून. पुस्तकात पाहून नव्हे. चित्रपटाची विद्याही पुष्कळशी अशीच आहे. १९१२ मध्ये विम्याची कागदपत्रे गहाण टाकून दादासाहेब फाळके विलायतेस गेले, आणि तेथे सेसिल हेपवर्थ यांच्या चित्रशाळेत त्यांना प्रत्यक्ष काम पाहावयास मिळाले.

आज नवोदितांस हा मार्ग चित्रपट-महोत्सवांतून सापडतो. तेथे केवळ चित्रपट दाखवीत नाहीत. अपुऱ्या पटकथेस जाणता सल्लागार आणि भांडवलास परदेशी भागीदार तेथेच भेटतो. गोव्यात २००७ पासून ‘फिल्म बाजार’ भरत आला, तो याच हेतूने.

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ या पहिल्याच दीर्घ चित्रपटाने २०१४ मध्ये व्हेनिस येथे दोन पारितोषिके मिळविली. पुढे २०१६ मध्ये रोलेक्सच्या गुरु-शिष्य योजनेत मेक्सिकोचे दिग्दर्शक आल्फोन्सो कुआरोन यांनी त्यांना शिष्य म्हणून निवडले, आणि ‘रोमा’चे चित्रीकरण त्यांना जवळून पाहता आले. ताम्हाण्यांच्या ‘द डिसायपल’ या मराठी चित्रपटाचे कार्यकारी निर्माते कुआरोनच झाले. २०२० मध्ये व्हेनिस येथे त्यास उत्कृष्ट पटकथेचे पारितोषिक लाभले. मौज अशी की, त्या चित्रपटाचा नायक वर्षानुवर्षे गुरूपाशी बसूनही मोठा गवई होत नाही.