निष्कलंक पोलाद आणि हौसेची मोटार

हौसेला मोल नाहीं, असें आपण म्हणतों. तें खरेंही आहे. परंतु हौसेला विवेकाची जोड नसली म्हणजे हौसेची वस्तु हौसेनेंच नासते. वडिलार्जित जुनी मोटार जतन करणारे, अगर नवी मोटार आपल्या फर्माशीप्रमाणें घडवून घेणारे गृहस्थ आतां आपल्याकडे कमी नाहींत. अशा गाडीच्या खिडक्यांभोंवतालच्या पट्ट्या, चाकांवरील टोप्या, दिव्यांच्या कडा, धूर सोडणारी नळी हे चकाकणारे भाग पुष्कळदां स्टेनलेस पोलादाचे असतात. 'यास गंज चढत नाहीं' या समजुतीनें त्यांची एक तर उपेक्षा होते, नाहीं तर दिसेल त्या वस्तूनें ते घासले जातात. दोन्ही गोष्टी सारख्याच घातक होत.

कळव्याला हें पोलाद परकें नाहीं. ठाणें-बेलापूर रस्त्यावर कळवा-दिघे भागांतील मुकुंद कंपनीच्या कारखान्यांत तें अनेक वर्षें तयार होत असे. कळव्यावरून धांवणाऱ्या वातानुकूलित लोकल गाड्यांचे डबेही त्याचेच आहेत. परंतु कळवा पडलें खाडीकांठचें गांव. येथील हवा पावसाळ्यांत ओलीचिंब आणि एरवींही खारट. मिठांतील क्लोराइड हा या पोलादाचा मुख्य शत्रु. म्हणून घाटावरच्या गाडीपेक्षां येथील गाडीची काळजी अधिक घ्यावी लागते.

या पोलादाचा गुण कशांत आहे? इंग्लंडांतील शेफील्ड येथें हॅरी ब्रिअर्ली हा संशोधक बंदुकीच्या नळ्या लवकर झिजूं नयेत म्हणून निरनिराळीं पोलादें करून पाहत होता. १९१३ सालीं त्यानें सुमारें १३ टक्के क्रोमियम घातलेलें पोलाद ओतलें, आणि तें गंजत नाहीं असें त्याच्या ध्यानांत आलें. जर्मनींतील क्रुप कारखान्यानें त्याच सुमारास क्रोमियमबरोबर निकेलही घालून दुसरी जात सिद्ध केली. आपल्या स्वयंपाकघरांतील चांगलीं भांडीं बहुधा या दुसऱ्या जातीचीं, म्हणजे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असलेलीं असतात.

पितळेच्या भांड्यास आपण कल्हई करतों, तो बाहेरून दिलेला कथलाचा थर होय; झिजला कीं पुनः द्यावा लागतो. स्टेनलेस पोलाद मात्र आपली कल्हई आपणच करून घेतें. त्यांतील क्रोमियमचा हवेंतील प्राणवायूशीं संयोग होऊन पृष्ठभागावर एक पारदर्शक पापुद्रा बनतो. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग कल्पिले तर त्यांतील दोन-चार भागांइतकीच त्याची जाडी! ओरखडा पडला तरी स्वच्छ हवा लागतांच तो पुनः सांधला जातो. याकरितां क्रोमियम निदान साडेदहा टक्के तरी असावें लागतें. तात्पर्य, आपलें काम त्या पापुद्र्यास स्वच्छता आणि हवा देणें, एवढेंच आहे. पट्टीखालीं चिखल व मीठ साचून राहिलें तर तेथें प्राणवायु पोंचत नाहीं, आणि तेथेंच बारीक खड्डे पडूं लागतात.

यावरून नित्याची निगा ठरते. गोडें पाणी, सौम्य साबण व मऊ सुती फडकें पुरे. धुतल्यावर भाग कोरडे पुसावेत. चिंच-मीठ, राख, रांगोळी हे पितळेचे उपचार येथें चालावयाचे नाहींत. मिठानें पापुद्रा भेदला जातो आणि रांगोळीनें चरे पडतात. लोखंडी तारेची घासणी तर मुळींच वापरूं नये; तिचे कण पोलादांत रुततात, गंजतात, आणि दोष मात्र पोलादावर येतो. कपडे पांढरे करण्याचें ब्लीच आणि फरशी धुण्याचें आम्ल गाडीपासून दूर ठेवावें; त्या आम्लाची बाटली बंद गॅरेजमध्यें ठेवली तर नुसत्या वाफेनेंही डाग पडतात. लालसर ठिपके आलेच तर ऑक्झॅलिक आम्ल असलेली पूड पाण्यांत कालवून, रबरी हातमोजे घालून, हलक्या हातानें लावावी व भरपूर पाण्यानें धुवावी. ही पूड विषारी असल्यामुळें मुलांच्या हातीं लागूं देऊं नये.

चरे काढून झिलई देण्यापूर्वीं तो भाग खरोखर स्टेनलेस आहे ना, हें पाहावें. लोखंडावर क्रोमचा मुलामा दिलेला भागही असाच चकाकतो. पण मुलामा ही कल्हईच्याच जातीची वस्तु, घासली कीं गेली. लोहचुंबकावर विसंबूं नये. निकेल नसलेलें स्टेनलेसही चुंबकास ओढतें, आणि मोटारीच्या पट्ट्या पुष्कळदां त्याच्याच असतात. पट्टी काढून तिची मागली बाजू पाहावी. ती गंजकट असेल तर मुलामा, दोन्ही बाजू एकाच रंगाच्या असतील तर बहुधा स्टेनलेस. पट्टी फारच हलकी व मऊ असेल तर ती ॲल्युमिनियमचीही असूं शकेल.

पोचा असल्यास पट्टी लाकडावर ठेवून मागून हलके ठोके द्यावे. ठोकल्यानें हें पोलाद अधिक कठीण होतें, म्हणून घाई नको. नंतर २४०, ३२०, ४००, ६०० अशा क्रमानें पॉलिश कागद फिरवावा. दर खेपेस दिशा बदलावी, व मागील चरे पूर्ण गेल्यावांचून पुढला कागद घेऊं नये. शेवटीं मसाला लावलेला कापडी बफ. लोखंडावर वापरलेला बफ येथें लावूं नये. पट्टी फार तापूं देऊं नये. तापल्यास ती पिवळी-निळी पडते. चाकाच्या मध्याखालीं पट्टी धरावी, आणि चाक कडेवरून बाहेर निसटेल अशा बेतानें फिरवावी. उलट धरल्यास चाक कड पकडून पट्टी भिरकावून देतें. डोळ्यांस चष्मा व नाकास मुसकें असावें. सैल बाह्या, उपरणें, हातमोजे मुळींच नकोत.

शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची आहे. कांहीं हौशी लोक गाडीचे सगळेच बोल्ट काढून चकचकीत स्टेनलेसचे बसवितात. बाजारांतील नेहमींचा, 'ए२-७०' छापाचा स्टेनलेस बोल्ट चौरस मिलिमीटरला ७०० न्यूटन ताण सोसतो; गाड्यांत वापरल्या जाणाऱ्या '८.८' छापाच्या पोलादी बोल्टाची शक्ति ८०० असते, आणि कायमचा ताणला जाण्याची मर्यादा तर ४५० विरुद्ध ६४० अशी आहे. दिव्याच्या कडेला शोभेचा बोल्ट चालेल; सुकाणूं, ब्रेक आणि चाकांचे आधार यांस तो चालणार नाहीं. तेथें गाडींत बसणाऱ्या मुलाबाळांचा जीव त्या बोल्टावर असतो.

जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणें, ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपांत राखलेली मोटार 'व्हिंटेज' म्हणून नोंदवितां येते. अशा गाडीच्या मूळ पट्ट्या बाजारांत मिळणें दुर्घट. झिलईच्या प्रत्येक खेपेस थोडें पोलाद कायमचें जातें, हें लक्षांत ठेवावें. म्हणून धुणें वारंवार, आणि बफ वर्षानुवर्षांत क्वचितच, हा नियम पाळल्यास आजोबांची गाडी नातवंडांच्या हातीं चकाकत जाईल.